हरभऱ्यातली चूल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान गिरिधरराव, हा माणूस सज्जन आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेलच याची खात्री नाही. पाणीपुरवठ्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. गावोगावच्या टाक्या कुठे बसवायच्या, पाईप कुठून न्यायचा, उतार किती ठेवायचा, हे त्यांनी आयुष्यभर कागदावर काढलं. या नोकरीचा परिणाम असा झाला की दाजींना कुठलीही गोष्ट तोंडाने सांगता येईनाशी झाली. नकाशा काढल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही.

ते ताईला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. मुलगी पसंत आहे का असं वडिलांनी विचारलं, तर हे म्हणाले की तुमच्या न्हाणीचं पाणी पायरीकडे येतंय, उतार उलटा आहे. आणि बसल्या जागी पेन काढून, तो सरळ कसा करायचा हे त्यांनी ताईच्या पत्रिकेच्या पाठीमागे काढून दाखवलं. वडील चाट पडले. ताईने मात्र आतून निरोप पाठवला की हा माणूस चालेल. त्या पाण्यात रोज तिचे पाय भिजत होते. पुढे लग्नानंतर तिला टायफॉईड झाला तेव्हा दाजी तिच्या उशाशी एकदाही बसले नाहीत. त्यांनी घरातली सगळी पाईपलाईन उखडून नवी टाकली. ताई म्हणते, मला त्यातच समजलं. मला विचाराल तर उशाशी बसायलाही काही हरकत नव्हती.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि जुन्या जालन्यातल्या आपल्या घरात बसून मोबाईल बघायला लागला. त्यात त्यांना बर्फातले गोरे लोक सापडले. हे लोक जंगलात जाऊन शिकारीसाठी एका खोलीचं लाकडी घर बांधतात. आत लोखंडी चूल ठेवतात, ओढ्याचं पाणी पाईपने घरात आणतात, खिडकी कुठे आणि खाट कुठे यावर तासभर बोलतात, आणि एवढं सगळं झाल्यावर शिकार क्वचितच करतात. दाजी हे दिवसदिवस बघत. ताईने मला फोन करून सांगितलं, "केदार, तुझे दाजी शिकारीला निघालेत. इथे न्हाणीचा नळ पाडव्यापासून ठिबकतोय, त्याच्याकडे बघायला त्यांना फुरसत नाही."

मी बदनापूरला एका पतसंस्थेत नोकरी करतो. माझ्याकडे गाडी आहे आणि ताईला नाही म्हणायची माझी हिंमत नाही, एवढ्या भांडवलावर या प्रकरणात माझी नेमणूक झाली.

दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी दाजींनी मला गाडी काढायला लावली. हसनाबादला जायचं होतं. तिथे त्यांचं घर आहे, शेत आहे; म्हणजे खरं तर ते मच्छिंद्रभाऊंचं आहे. मच्छिंद्रभाऊ दाजींचे थोरले भाऊ. सातबाऱ्यावर नावं दोघांची, वाटणी अजून झालेली नाही, पण कसतात भाऊच. वडील लवकर गेले तेव्हा धाकट्याने जालन्याला शिकायचं आणि थोरल्याने शेत सांभाळायचं असं ठरलं. ठरवलं थोरल्यानेच. त्याबद्दल भाऊ पुढे कधी बोलले नाहीत आणि दाजी तर बोलणाऱ्यांतले नव्हतेच. दर साली ज्वारी, तूर, हरभरा पोत्यात भरून जालन्याला येतो. दाजी पोत्याचं तोंड सोडतात, मूठभर दाणे हातात घेऊन हुंगतात आणि पुन्हा पोत्यात टाकतात.

त्या शिवारात रोही आणि रानडुकरं इतकी माजली आहेत की पीक हाताशी आलं की रात्री शेतात माणूस लागतोच. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असल्यामुळे तिला कोणी हात लावत नाही, आणि हे तिला चांगलं माहीत आहे. मच्छिंद्रभाऊंनी चार मेढींवर एक माळा बांधला होता. हिवाळाभर ते त्याच्यावर घोंगडी घेऊन बसायचे, डबा वाजवायचे, हाळी द्यायचे. त्यांचा मुलगा हरिओम पुण्याला कंपनीत आहे; तो फोनवरून राखण करतो. तिकडे बर्फात माणसं शिकारीला जातात, इकडे जनावरंच शिकारीला येतात आणि माणूस माळ्यावर बसून खोकतो. भाऊंना दमा आहे.

राजूर मागे पडलं तेव्हा दाजींनी तोंड उघडलं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी भाऊंना जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गारठा, दव आणि धूर, यातलं काहीही यांना चालणार नाही, असाच आणखी एक हिवाळा काढला तर माझ्याकडे आणू नका. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि त्याच संध्याकाळी माळ्यावर जाऊन बसले. जालन्याला राहायला आणलं की दोन दिवस राहतात आणि मग दुधाच्या गाडीत बसून परत जातात. गडी ठेवायचा तर गड्यावर त्यांचा भरवसा नाही.

"मंग मी ठरवलं," दाजी म्हणाले. "माळ्याच्या जागी खोलीच बांधायची. ऊब बाहेर जाणार न्हाई, धूर आत राहणार न्हाई. पण त्याला सांगायचं न्हाई. त्याच्यासाठी आहे म्हटलं की तो पाय ठेवणार न्हाई. माझी हौस आहे म्हणायचं."

मी विचारलं की मग ते आत झोपणार कसे. दाजी म्हणाले, बांधून झाल्यावर माझे गुडघे दुखतात, जालन्यात काम निघालं, असं काहीतरी सांगू. इतका बारकाईने विचार करणारा माणूस, पण या भागाचा नकाशा त्यांनी काढलेला नव्हता.

बाकी सगळ्याचे नकाशे तयार होते. शेतातली लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, तीही मर्जीने, म्हणून विजेचा हीटर बाद. त्याऐवजी लोखंडी पिंपाची बंद चूल, जिचा धूर पाईपने भिंतीबाहेर जाईल. जाळायला कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, त्यांना शेतात तोटा नाही. भिंती दुहेरी, दोन्हींच्या मधे थर्माकोल. विहिरीपासून जमिनीखालून पाईप, खोलीमागे उंच ओट्यावर टाकी, आणि टाकीतलं पाणी चुलीला वळसा घालून नळाला येणार, म्हणजे पहाटे भाऊंनी विहिरीचं गार पाणी पिऊ नये. छताचा उतार मला जरा जास्तच वाटला. हा कशासाठी, असं विचारलं तर दाजी गंभीरपणे म्हणाले, बर्फ साचू नये म्हणून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीतून बाहेरच्या कपाशीकडे बघितलं आणि मुकाट्याने उतार खोडला.

खाटेचा प्रश्न राहिला होता. गोऱ्या लोकांची खाट वर, शिडीने चढून जायच्या फळ्यांवर असते. भाऊंना शिडीने दम लागतो, म्हणून खाट खालीच. पण उठताना जोर लागू नये म्हणून तिची उंची बरोबर भाऊंच्या गुडघ्याएवढी हवी होती, आणि त्यासाठी भाऊंचा गुडघा मोजायचा होता. हे काम दाजींनी असं केलं. गावातल्या घरी पोहोचल्यावर त्यांनी टेप काढली. संशय येऊ नये म्हणून आधी ओटा मोजला, मग उंबरा, मग माजघराची लांबी, मग परसातली भिंत. सरतेशेवटी हातातून टेप निसटली असं दाखवून ते खाटेवर बसलेल्या भाऊंच्या पायाशी बसले आणि उठायला बराच वेळ घेतला. भाऊ बघत होते. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्याही बघत होत्या. काय मोजून राह्यले भाऊजी, असं त्यांनी विचारलं.

"काही न्हाई वहिनी," दाजी म्हणाले. "आपलं घर एकूण किती आहे ते बघतो."

वाटणी न झालेल्या घरात धाकट्या भावाने यापेक्षा वाईट उत्तर दिलेलं मला तरी माहीत नाही. मी तेव्हाच त्यांच्या शर्टाची बाही ओढायला हवी होती. पण मला वाटलं, सख्खे भाऊ आहेत, कशाला गैरसमज करून घेतील.

दिवाळी झाल्यावर खोलीची आखणी करायला गेलो. मी गाडी चालवत होतो, दाजी मांडीवर नकाशा पसरून बसले होते. शेतात विहिरीच्या अलीकडे, हरभऱ्याच्या कडेला गावातला भागवत गवंडी आखणीसाठी चुन्याची फक्की घेऊन आला होता. हरभरा नुकता वर आला होता. थोड्या अंतरावर मच्छिंद्रभाऊ फावडं घेऊन वाफ्यांना पाण्याचे बारे देत होते. खोली कशी मांडायची, असं भागवतने विचारलं. दाजींना पाण्याच्या पंपांच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे ते शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात.

"पहिली चूल," ते म्हणाले. "चुलीवरनं बाकी सगळं ठरतं. मंग पाणी, ते वेगळं घेतलंय. मंग दार."

आता आमच्याकडे भाऊ वेगळे होतात ते कसं, हे इथे सांगायला हवं. भांडणं, तलाठी, मोजणी हे सगळं नंतर. ज्याला वेगळं व्हायचं असतं तो शब्दाने बोलत नाही. एक दिवस दुसऱ्या जागी त्याची चूल मांडली जाते, पाण्याचा रांजण वेगळा येतो, भिंतीला वेगळं दार पडतं, आणि गाव काय ते समजतं. कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. दाजी याच गावात वाढले, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात त्या वेळी बर्फ भरला होता.

मच्छिंद्रभाऊंचं फावडं थांबलं. ते तसेच उभे राहिले आणि एका वाफ्यातलं पाणी फुटून दुसऱ्यात गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. भागवतने हळूच विचारलं की रजनीबाई, म्हणजे आमची ताई, येणार का मंग इथं राह्यला. येईल की कधीमधी, असं दाजींनी नकाशातून मान वर न काढता सांगितलं.  भागवतने फक्की ओढली आणि आम्ही गावात चहा प्यायला पोहोचायच्या आत बातमी तिथे पोहोचली होती. हॉटेलवाल्याने दाजींना रामराम केला, पण नजर वर केली नाही.

दुपारी घरी जेवायला बसलो. एरवी दाजी चुलीपाशी बसून टोपल्यातली भाकरी हाताने घेतात. त्या दिवशी द्वारकाबाईंनी त्यांच्यासाठी पाट मांडला, ताटाखाली पाणी फिरवलं, शिरा केला आणि पदर सावरून वाढायला उभ्या राहिल्या. पाहुण्याला वाढतात तसं.  भाऊ खाली मान घालून जेवले आणि लगेच शेतात निघून गेले. दाजी शिऱ्याचा घास हातात धरून मला पाईपचा उतार समजावून सांगत होते.

परतताना मी म्हणालो, "दाजी, वहिनींनी आज तुम्हाला पाटावर बसवलं."

"हो," दाजी म्हणाले. "गुडघ्याला बरं पडलं."

माझं डोकं फिरलं. जालना येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर द्वारकाबाईंचा ताईला येणारा फोन बंद झाला. ताईने दोनदा विचारलं, दाजी म्हणाले की रान भरात आहे, कामं असतील. ते स्वतः जुन्या जालन्यातल्या एका वेल्डरकडे चूल करून घेण्यात गुंतले होते. वेल्डरने आधी विचारलं की कपडे रंगवायचा धंदा काढताय का, मग विचारलं की हुरड्याचं हॉटेल काढताय का, आणि शेवटी काही न विचारता ती करून दिली. ती चूल टपावर बांधून आम्ही पुन्हा हसनाबादला गेलो तेव्हा हवेत गारठा उतरला होता.

शेताच्या रस्त्याला लागलो आणि मी गाडीचा वेग कमी केला. खोली छतापर्यंत आली होती. भागवतच्या हाताखाली विटांना पाणी मारायला खुद्द मच्छिंद्रभाऊ होते. भावाच्या नव्या चुलीसाठी ते रोज बादल्या वाहत होते, दर बादलीनंतर थांबून श्वास घेत होते. आणि रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत, अख्ख्या रानाच्या मधोमध, चुना लावलेल्या दगडांची एक रांग उभी होती. विहीर, खोली आणि सगळी काळी जमीन रांगेच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला वरचा मुरमाड उतार, जिथे कुसळांशिवाय फारसं काही येत नाही. भाऊंनी आपला माळा मोडून त्या उतारावर नेऊन बांधला होता, ओढ्याकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. लिंबाखाली गावातली चार जाणती माणसं घोंगडीवर बसली होती.

"ये," भाऊ दाजींना म्हणाले. "पंच बोलावून घेतले. तुला जालन्याहून किती खेटे घालाया लावायचे. विहीर तुझ्याकडं ठुली, तुझी पाईप तिकडून हाये. मला वरचं रान बस झालं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दम मात्र लागलेला होता. ज्या माणसाला गारठ्यातून आत आणायचं म्हणून दाजींनी एवढा खटाटोप केला, तो त्या खटाटोपामुळे आणखी उघड्यावर जाऊन बसला होता, आणि तिथून खाली बघून भावाची पाईप तुटू नये याची काळजी करत होता. दाजींचं तोंड उघडंच राहिलं. ते दगडांकडे बघत होते, माळ्याकडे बघत होते. मग त्यांनी काय केलं, तर खिशातून नकाशा काढून गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि पंचांना बोलावून पाणी चुलीला वळसा घालून कसं येतं ते सांगायला लागले.

मी आजवर ताईच्या नवऱ्याला उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "दाजी, तो कागद ठेवा," मी म्हणालो, "आणि तोंडाने बोला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कागदाची घडी करायला त्यांना खूप वेळ लागला. घडी खिशात घातल्यावर रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. मग ते दगडांची रांग ओलांडून भाऊंच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"दादा, ही खोली तुझी हाये. माझी न्हाई. तू त्या माळ्यावर खोकून खोकून मरून जाशील, आणि मी तिकडं जालन्यात गरम पाण्यानं आंघोळ करत असंल. हे मला सहन होत न्हाई."

पंचांनी माना खाली घातल्या. भाऊ विरघळतील असं मला वाटलं होतं, पण ते भडकले. असं होतं तर असं बोलायचं, ते म्हणाले, घर मोजत हिंडलास, चूल मांडलीस, गावभर माझी वाटणी करून ठुली.

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस का?" दाजींनी विचारलं.

भाऊ विचारात पडले. माणूस प्रामाणिक. "न्हाई," ते म्हणाले.

एका पंचाने घसा खाकरून विचारलं की मंग वाटणी हाये का न्हाई, म्हणजे आम्ही आमच्या कामाला जातो. एव्हाना द्वारकाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या आणि बांधावरून त्यांनी सगळं ऐकलं होतं. निकाल त्यांनीच दिला. खोलीत चूल पेटवायची, पण तिच्यावर भाकरी पडता कामा नये, चहाचं आधणसुद्धा नाही. अन्न घरच्याच चुलीवरचं येईल. भाऊंनी काही बोलायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही गप बसा. तुमच्या छातीतली शिट्टी मी ऐकते, गाव ऐकत न्हाई." दगड उपटले गेले. दाजींनी ते वाया जाऊ दिले नाहीत, टाकीच्या ओट्यात बसवले.

मार्गशीर्षात खोली पुरी झाली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. पाणी कोमट येत होतं, धूर बाहेर जात होता, खाट गुडघ्याला बरोबर लागत होती. भाऊंनी माळा पुन्हा खाली आणून खोलीशेजारी बांधला आणि त्याच्यावर झोपायला लागले. का, तर खोलीवर लक्ष ठेवायला. तयार घर उघडं कसं टाकणार, असं ते म्हणत. दाजी दर रविवारी जायचे, चूल पेटवून दाखवायचे, आणि भाऊ बाहेरून खिडकीतून आत बघून म्हणायचे, झकास झाली, हिच्यात कोणी राह्यलं पाहिजे. दाजी त्या दिवसांत खंगले. कोणत्या मापात चूक झाली, असं ते मला विचारत राहायचे.

पौषात कडाका पडला. हरभरा घाट्यावर आला होता, दाणे भरत होते. एका संध्याकाळी भाऊ गावात गेले असताना द्वारकाबाईंनी शेतात जाऊन माळ्याची सुंभं विळ्याने कापली, मेढी पाडल्या, कुऱ्हाडीने तोडल्या आणि त्याच बंद चुलीत घातल्या. भाऊ परत आले तेव्हा त्यांचा माळा आत जळत होता. त्यांनी खूप आरडाओरडा केला म्हणतात. शेवटी उभं राहायला दुसरी जागाच उरली नाही म्हणून आत गेले. हे सगळं द्वारकाबाईंनी ताईला फोनवर सांगितलं, आणि ताईने हसत हसत मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघत होतो तेव्हा ताईचा पुन्हा फोन आला. ती हसत नव्हती. द्वारकाबाईंनी दाजींना फोन केला होता. भाऊजी, जल्दी या, हे काही बोलूनच न्हाई राह्यले, एवढं म्हणून ठेवून दिला होता, आणि आता उचलत नव्हत्या.

मी जालन्याला जाऊन दोघांना घेतलं. वाटेत दाजी एकच गोष्ट बोलत होते. पाईपला धूर कोंडला असेल. भिंती दुहेरी, खिडकी घट्ट, हवा यायला खाली जागा ठेवली होती, पण ती पुरली नसेल. मी भावाला पेटीत घालून बंद केलं, असं ते म्हणाले. ताई मागे बसली होती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ती रडत होती. मी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही.

शेताशी गाडी थांबायच्या आत दाजी उतरले आणि हरभऱ्यातून धावत सुटले. त्यांच्या लक्षात आलं नसेल, पण त्यांच्या पायाखाली हरभरा असा नव्हताच. रोहींचा अख्खा कळप येऊन गेला होता आणि मागून डुकरं. ओढ्यापासून खोलीच्या भिंतीपर्यंत सगळं रान चरून, तुडवून, उकरून ठेवलं होतं. एका रोहीने तर खिडकीखालीच लेंड्या टाकल्या होत्या.

मच्छिंद्रभाऊ खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. जिवंत. डोकं दोन्ही हातांत धरलेलं. द्वारकाबाई बाजूला उभ्या होत्या.

दाजी त्यांच्यासमोर जाऊन थांबले. त्यांना धाप लागली होती. भाऊंनी मान वर केली, पण नजर वर होईना.

"गिरिधर, मी झोपलो रे," ते म्हणाले. "मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं न्हाई. उन्हं वर आल्ती तेव्हा उठलो."

दाजींनी विचारलं, "खोकला?"

"न्हाई आला."

"एकदाबी न्हाई?"

"झोपलो म्हणतो ना," भाऊ चिडून म्हणाले. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. इतक्या वर्षांत त्यांचं पीक असं कधी गेलं नव्हतं.

दाजी तिथेच त्या तुडवलेल्या हरभऱ्यात बसले आणि मोठ्याने रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ताईनेही नसावं, कारण ती जागच्या जागी उभी राहिली. भाऊ गडबडून उठले, भावाशेजारी मातीत बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. त्यांना वाटलं, हा हरभऱ्यासाठी रडतोय.

"रडू नको," ते म्हणाले. "पुढल्या साली भरून काढू. आजपासून मी झोपणार न्हाई, बघ."

दाजींनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. खिशात हात घातला नाही, कागद शोधला नाही.

"तू झोप, दादा," ते म्हणाले. "हरभरा खाऊ दे त्यांना."